बॅटरी भरलेली होती

अप्पांची टेम्पो ट्रॅव्हलर आमच्या गल्लीत मावायची, पण ती आत आली की शेजारून दुधाची सायकलसुद्धा जाऊ शकायची नाही. त्यामुळे बेंगळुरूच्या के. आर. पुरममधल्या त्या गल्लीत सगळ्यांना अप्पांच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ होत्या. सकाळी साडेसहाला गाडी निघायची, बेळ्ळंदूरच्या कचेऱ्यांत तेरा-चौदा पोरापोरींना सोडायची आणि संध्याकाळी रिंग रोडच्या गर्दीतून रांगत रांगत त्यांना परत आणायची. अप्पा मूळचे निपाणीकडचे, आई खानापूरच्या पुढची, पार जंगलाच्या कडेची. मी मात्र इथलीच. घरात मराठी, दारात कन्नड आणि गाडीतल्या लोकांशी हिंदी अशी आमची वाटणी होती, पण ती काही पक्की नव्हती. ‘बा गं इकडं, स्वल्प मीठ दे’ असं आई मला म्हणायची, आणि त्या एवढ्याशा वाक्यात ‘ये’ऐवजी ‘बा’ आणि ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ म्हणून आपण दोन भाषा घातल्यात हे तिला ठाऊकही नसायचं.

आईचा आजार मला आधी ऐकू आला, दिसला नंतर. ती भाकरी थापायची तेव्हा परातीवर एका लयीत थाप पडायची. मी लहानपणापासून त्या आवाजावर अभ्यास केलेला, तो चालू असला की घर जागच्या जागी आहे असं वाटायचं. त्या वर्षी थाप चुकायला लागली. दोन पडायच्या, तिसरी गळायची. मला वाटलं, दमली असेल. मग भाकरी एका अंगाला जाड व्हायला लागली, मग तव्यावर टाकताना फाटायला लागली, आणि एका सकाळी तिने परात बाजूला सारली. ‘रेणू, आज भातच खाऊया गं,’ ती म्हणाली. त्यानंतर तिच्या हातची भाकरी आम्ही खाल्ली नाही. उजव्या हातावरून आजार डाव्यावर गेला, मग पायांवर, मग जिभेवर. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं, असं त्या म्हणाल्या. अप्पांनी औषधाचं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘सांभाळायचं. एवढंच आहे.’

छातीचे स्नायू ढिले पडले तेव्हा घरी श्वासाचं मशीन आलं. नाकातोंडावर मुखवटा, त्याला लवचिक नळी आणि दुसऱ्या टोकाला चपलांच्या खोक्याएवढं यंत्र. आई आडवी झाली की ते लावावंच लागे. त्याचा आवाज मोठा नव्हता. हवा आत जाताना ‘हूं’ आणि बाहेर येताना ‘फू’, बस. पण आमच्या दोन खोल्यांत तो आवाज सगळीकडे असायचा. वीज गेली की तो थांबायचा, आणि मी जिथे असेन तिथून उठून पळायचे. आमच्याकडे वीज फार जात नसे, गेली तर दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात आईला उशांना टेकवून उठवून बसवलं की भागायचं.

एका दुपारी मी तिला नाचणीची आंबील भरवत होते. पातळ पदार्थ तिला ठसका लावायचे, म्हणून आंबील लापशीसारखी घट्ट करायची आणि अर्धा अर्धा चमचा द्यायचा. अप्पा खिडकीत बसून तोंडली चिरत होते. स्वयंपाक आता त्यांच्याकडे आला होता, आणि तोंडली एवढी बारीक कुणी चिरत नाही, पण ते चिरायचे. आई म्हणाली, ‘एकदा अक्काकडं जाऊन येऊया.’ तिचे शब्द तेव्हा जड झाले होते, पण कळायचे. अक्का म्हणजे तिची मोठी बहीण, माझी गंगूमावशी. जंगलाकडेच्या त्या गावातच दिलेली. मावशीचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिला एक दिवसही घर सोडता यायचं नाही. तिथे फोनला रेंज नव्हती, ती टेकडीवरच्या देवळापाशी चढून आली तर चार वाक्यं व्हायची, तीही तुटत तुटत.

‘जाऊया की,’ अप्पा म्हणाले. ‘तुला स्वल्प बरं वाटू दे.’

‘बरं वाटायचं नाही आता,’ आई म्हणाली. ‘अशीच जाऊया.’

अप्पांनी सुरी खाली ठेवली. 

डॉक्टरीणबाईंनी आधी नाहीच म्हटलं. बेंगळुरूपासून तिथवर दहा तास, आणि पोचल्यावर पावसापाण्यात दोन-दोन दिवस वीज नाही. आगगाडीचा तर विषयच नको, त्या म्हणाल्या. अप्पांनी आपल्या गाडीचं सांगितलं. कचेऱ्यांतली पोरं घरी बसून कामं करायला लागली होती, गाडी आठवड्यातले चार दिवस उभीच असायची. सीटा काढून आत कॉट टाकतो, छतावर सोलर बसवतो, बॅटऱ्या ठेवतो, तिथे गेल्यावरसुद्धा मशीन गाडीतच चालेल. अप्पा हे सगळं उभं राहून, हात हलवत सांगत होते. बाईंनी ऐकून घेतलं. ‘दहा तास,’ त्या म्हणाल्या. ‘इथेच, गावातच, मशीन गाडीतल्या विजेवर सलग दहा तास चालवा. एकदाही बंद पडायला नको. मग मी हो म्हणेन. आणि जायचं तर लवकर जा. पावसाची वाट बघू नका.’

अप्पांनी गाडी कशी बदलली ते मी आजही डोळे मिटून सांगू शकते. मागच्या बारा सीटांचे नट सोडवले, त्यांच्याखालून चिक्कीचे कागद, कानातले डूल, कुणाचं तरी ओळखपत्र निघालं. लाकडी कॉट बसवली, तिच्या डोक्याकडची बाजू उचलता येईल अशी. खिडक्यांना आईच्या जुन्या साड्यांचे पडदे. बॅटऱ्या आणि सोलरचं सामान मुनियप्पा अंकलकडून आलं. मुनियप्पा म्हणजे रेल्वे स्टेशनच्या अलीकडे ज्यांचं बॅटरीचं दुकान होतं ते. अप्पांची गाडी नवी असल्यापासून तिच्या बॅटऱ्या त्यांच्याकडेच व्हायच्या. पांढऱ्या मिशा, ॲसिडने भोकं पडलेला खाकी शर्ट. छतावर दोन पॅनेल त्यांनी स्वतः चढून बसवले, कॉटखाली दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या. आतलं वायरिंग मात्र मी करणार, असं मी जाहीर केलं. मी सतरा वर्षांची होते, इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि आईसाठी मला करता येण्यासारखं जगात एवढंच होतं. दोन दिवस मी कॉटखाली पडून काम केलं. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करणारा डबा. आई गाडीच्या दाराशी खुर्चीत बसायची आणि काळी टेप फाडून मला एकेक पट्टी द्यायची. बोटांत तेवढी ताकद अजून होती. पट्टी दिली की म्हणायची, ‘घे, इंजिनिअर.’

पहिली चाचणी आम्ही गल्लीतच घेतली. सकाळी दहाला आईला कॉटवर निजवलं, मशीन लावलं. हूं, फू. अप्पा पुढच्या सीटवर वही घेऊन बसले. सव्वाअकराला इन्व्हर्टर ओरडला. टीं, टीं, टीं. लाल दिवा. बॅटरी संपत आली की तो डबा अशी सूचना देतो आणि पाच-सात मिनिटांत सगळं बंद करतो. आम्ही आईला उठवून बसवलं, अप्पांनी तिला पाठीवर घेऊन घरात नेलं. दहा तास हवे होते, झाला होता सव्वा तास.

त्या आवाजाबद्दल थोडं लिहायला हवं. पुढचे सहा आठवडे तो आमच्या घरात राहायला आला होता. कुकरची शिट्टी झाली तरी अप्पा दचकायचे. कॉलेजपाशी बसमधून उतरताना दार बंद व्हायची सूचना वाजली की मी पायरीवरच थबकायचे. आता साठी ओलांडल्यावर मला ऐकायला कमी येतं, डाव्या कानाने तर फारच. डॉक्टर म्हणतात, उंच पट्टीचे आवाज आधी जातात.  काही आवाज लवकर गेले तर वाईट वाटत नाही.

आधी आम्ही सावलीला दोष दिला. गल्लीत एका बाजूला पाच मजली इमारत, दुसऱ्या बाजूला पर्जन्यवृक्ष, पॅनेलवर ऊन जेमतेम दोन तास. शिवाय मेट्रोच्या कामाची धूळ, बोटाने नाव लिहिता येईल एवढी. अप्पांनी गाडी तळ्याजवळच्या मोकळ्या मैदानात नेली, रोज सकाळी शिडी लावून पॅनेल पुसायला लागले. तीन दिवस कडक उन्हात गाडी उभी केली. मीटर लावला तर बॅटरी तुडुंब भरलेली. दुसरी चाचणी. दीड तास, आणि टीं टीं टीं. मी धावत जाऊन बॅटरीच्या टोकांना मीटर लावला. बारा पॉइंट चार व्होल्ट. म्हणजे बॅटरी म्हणत होती मी आहे, आणि इन्व्हर्टर म्हणत होता संपली. मी तो आकडा तीनदा बघितला आणि मीटरच बिघडलाय असं ठरवलं.

अप्पांनी दुसराच अर्थ काढला. ‘बॅटऱ्या जुन्या आहेत,’ ते म्हणाले. आम्ही मुनियप्पा अंकलना मैदानात बोलावलं. त्यांनी काचेची नळी काढली, प्रत्येक खणातलं ॲसिड वर ओढून आतला काटा उन्हाला धरून बघितला. बारा खण, एकेक. मग म्हणाले, ‘बॅटरी सरी इदे, अण्णा.’ बॅटरी चांगली आहे.

‘चांगली आहे तर ओरडायलीय कशाला?’ अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. ‘जुना माल नवा म्हणून दिलास काय? माझी बायको त्याच्यावर श्वास घेणार आहे, कळतंय काय तुला?’

मुनियप्पांनी नळी पुसली. त्यांना राग आला नाही, किंवा त्यांनी दाखवला नाही. ‘आतली वायर कुणी जोडली?’ त्यांनी विचारलं.

‘मी,’ मी म्हटलं. ‘ती ठीक आहे.’

‘एकदा बघू?’

‘पोरगी हेच शिकायलीय कॉलेजात,’ अप्पा म्हणाले. ‘तिचं तू नको बघू. तुझ्या बॅटऱ्या बघ.’

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बघू द्या म्हणायला हवं होतं. पण अप्पांनी माझी बाजू घेतली होती, गाडीच्या दारात बसलेली आई ऐकत होती, आणि मी गप्प बसले. मुनियप्पांनी दुसऱ्या दिवशी दोन नव्याकोऱ्या बॅटऱ्या आणून लावल्या, जुन्या उचलून नेल्या. नव्यांवर मशीन एक तास चाळीस मिनिटं चाललं.

ते दिवस आठवताना मला तारखा आठवत नाहीत, आईचे शब्द आठवतात. पहिल्या चाचणीला ती ‘रेणू’ म्हणायची. दुसऱ्यानंतर ‘रे’ गेला, नुसतं ‘एणू’ राहिलं. बॅटऱ्या बदलल्या तेव्हा ‘एऊ’. अप्पांना ती काय म्हणते ते मी समजावून सांगायचे, मग मलाही कळेनासं झालं. डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस मुलीने सांगितलं तसा मी एक तक्ता केला. पुठ्ठ्यावर ओळींनी अक्षरं, खाली काना-मात्रा. मी बोट फिरवायचं, आईने हव्या त्या अक्षरावर पापणी मिटायची. ‘पाणी’ शब्दाला पाऊण मिनिट लागायचं. एकदा तिने ‘ति’ आणि ‘ख’ एवढ्यावर मिटलं आणि आम्ही बापलेक घाबरलो, कुठे तरी जळजळतंय वाटलं. तिला तिखट खायचं होतं. शेंगदाण्याची लाल चटणी. मी नखाच्या टोकावर घेऊन तिच्या जिभेला लावली.

आणि तरीही आम्ही दोष शोधत होतो, कारण दोष शोधणं हे त्या घरात करता येण्यासारखं काम होतं. मग मी मशीनलाच धरलं. त्यात हवा दमट ठेवण्यासाठी पाण्याची छोटी टाकी असते, ती तापवायला वीज लागते. मी म्हटलं, ती बंद करून बघू. आई काही म्हणाली नाही, म्हणजे तिला काही म्हणताच येत नव्हतं. त्या दिवशी मशीन अडीच तास चाललं. अप्पा वहीत लिहीत होते आणि मी खुश होते. मुखवटा काढला तेव्हा आईच्या नाकातून रक्त आलेलं होतं, ओठ फाटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. कोरड्या हवेने आम्ही तिचा घसा अडीच तास जाळला होता. मी कापसाने तिचे ओठ ओले करत होते, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मलाच काही लागलंय आणि तिला कळत नाहीये कुठे.

दोष सापडला तो हुशारीने नाही. तो रविवार होता, ऊन रणरणत होतं. मशीन चालू होतं, आई कॉटवर, अप्पा बाहेर गाडीच्या सावलीत. इन्व्हर्टर ओरडला. मी नेहमीसारखी कॉटखाली शिरले, आणि वळताना तोल जाऊन माझा हात काळ्या टेपवर टेकला. चटका बसला. इन्व्हर्टरच्या तोंडाशी वायरीच्या टोकावर मी जो जोड केला होता, तो तव्यासारखा तापला होता. मी मीटर इन्व्हर्टरच्या तोंडाला लावला. दहा पॉइंट सात. बॅटरीच्या टोकाला लावला. बारा पॉइंट चार. सहा आठवडे मी फक्त बॅटरीला विचारत होते, मध्ये वाटेत काय हरवतंय ते कधी बघितलंच नव्हतं. त्या एका जोडात वीज अडकत होती, तापत होती, आणि पलीकडे उपाशी डबा बॅटरी संपली म्हणून ओरडत होता.

अप्पांनी आईला घरी नेल्यावर मी टेप सोडली. आतलं तांबं तपकिरी पडलं होतं, रबर वितळून चिकटलं होतं. अशा जाड वायरीच्या टोकावर तांब्याची टोपी बसवतात, ती दुकानातल्या दाबयंत्रात दाबून घ्यावी लागते. मुनियप्पा अंकलनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दुकानात घेऊन ये, दोन मिनिटांचं काम आहे. मी गेले नव्हते. मला सगळं स्वतः करायचं होतं. मी ती टोपी दगडावर ठेवून हातोडीने ठोकली होती, वरून टेप गुंडाळली होती, आणि दिसायला ती फार सुबक दिसत होती. पुढे मी आयुष्यभर हेच काम केलं. सर्जापूर रोडच्या बाजूला कितीतरी इमारतींच्या तळघरांतल्या बॅटऱ्या मी लावल्या, दुरुस्त केल्या. हाताखालचे लोक म्हणायचे, मॅडम दुसऱ्याच्या कामात खोट काढत नाहीत, स्वतःचंच दहा वेळा तपासतात. त्यांना ते कौतुकाचं वाटायचं.

अप्पा मैदानात परत आले तेव्हा मी गाडीच्या पायरीवर बसले होते. मी वायरीचं ते टोक त्यांच्या हातात दिलं.

‘सापडलं,’ मी म्हटलं. ‘बॅटऱ्या ठीक होत्या. दोन्ही वेळच्या. हा जोड माझा आहे.’

अप्पांनी ते टोक उलटसुलट केलं. ‘एवढंच?’ ते म्हणाले.

‘एवढंच.’

‘पहिल्यापासून?’

‘हो.’

ते माझ्याशेजारी बसले. मला वाटलं ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. तळ्याकडून वास येत होता. वायर गुंडाळत ते म्हणाले, ‘आईला हे सांगू नको. माझा जोड होता म्हणून मी सांगतो.’

संध्याकाळी ते एकटेच मुनियप्पांच्या दुकानात गेले. काय बोलणं झालं ते मला अंकलनी कितीतरी वर्षांनी सांगितलं. अप्पा वायर पुढे करून नुसते उभे राहिले. मुनियप्पांनी टोक बघितलं, कापून टाकलं, नवी टोपी दाबून दिली आणि म्हणाले, आधी चहा घ्या.

दोन दिवसांनी दहा तासांची चाचणी झाली. सकाळी सातला सुरू. टाकीतलं पाणी गरम, हवा दमट, सगळं जसं हवं तसं. हूं, फू. अकरा वाजले. एक वाजला. अप्पा दर पंधरा मिनिटांनी वहीत टिंब करत होते. तीन वाजले. ऊन खिडकीच्या साडीतून आईच्या पायांवर आलं आणि सरकत भिंतीवर गेलं. ती छताकडे बघत पडून होती. पाच वाजले तेव्हा इन्व्हर्टरवर हिरवा दिवा होता, दोन्ही टोकांना मीटर एकच आकडा दाखवत होता, आणि बॅटरी अर्ध्याहूनही अधिक भरलेली होती. अप्पा गाडीतून खाली उतरले, मैदानात दोन पावलं गेले, परत आले. त्यांचा चेहरा मी इतक्या महिन्यांत तसा बघितला नव्हता.

‘झालं बघ,’ ते आईजवळ वाकून म्हणाले. ‘माझाच एक जोड कच्चा होता. मूर्ख माणूस मी. आता काही नाही. उद्या बाईंना सांगतो आणि परवा पहाटे निघतो. दुपारी अक्काच्या दारात.’

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. खूप वेळ माझ्याकडेच. आणि तेव्हा मला आठवलं की त्या जोडावरची टेप तिनेच फाडून दिली होती, एकेक पट्टी, दाराशी बसून. तिने मला हातोडी मारताना बघितलं होतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला आज हे लिहिणं सोपं गेलं असतं. तिने नजर तक्त्याकडे वळवली. मी तो उचलला, बोट फिरवायला लागले.

पहिलं अक्षर आलं ‘न’. मग ‘को’.

‘नको?’ अप्पा म्हणाले. ‘नको कसं? तूच म्हणालीस की. चाललं बघ दहा तास, एकदा ओरडलं नाही.’

ती परत तक्त्याकडे बघत राहिली. मी बोट फिरवत राहिले. ‘बो.’ मग ‘ला.’ मग ‘य.’ परत ‘ला.’ दोन वेळा माझी ओळ चुकली, तिने थांबून मला पुन्हा सुरुवातीपासून येऊ दिलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली असतील.

‘बोलायला जायचं होतं.’

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी बरोबर वाचलं ना, असं. मी मान हलवली. ते म्हणाले, ‘अगं, अक्का तुला नुसती बघूनसुद्धा...’ आणि थांबले. आईने डोळे मिटून घेतले. दोन्ही, आणि घट्ट. आमच्या खुणांत त्याचा अर्थ होता, आता पुरे.

आम्ही गेलो नाही. अप्पांनी आणखी दोनदा विषय काढला, ती डोळे मिटून घ्यायची. गाडी कित्येक महिने मैदानात उभी होती, बॅटरी रोज भरायची, तिच्यावर काही चालत नसे. आई श्रावणात गेली, दुपारी, घरातच, वीज चालू असताना. मशीन त्यानंतरही थोडा वेळ चालत राहिलं, कारण बंद करायचं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. अप्पांनी दिवाळीनंतर सीटा परत बसवल्या आणि बेळ्ळंदूरच्या फेऱ्या सुरू केल्या. ते माझ्याशी शेवटपर्यंत त्या जोडाबद्दल बोलले नाहीत. ती माया होती की दुसरं काही, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि आता विचारायला तेही नाहीत.

गंगूमावशी तेराव्यानंतर आली. यजमानांना शेजारणीवर सोपवून, कुणाच्या तरी जीपने हुबळीपर्यंत आणि पुढे रात्रीच्या बसने. आईसारखंच नाक, आईसारखीच बसायची पद्धत, एक गुडघा उभा. घरात पाहुण्यासारखी ती एका कोपऱ्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बाहेर गेल्यावर तिने मला जवळ बसवलं.

‘यायचं म्हणत होती म्हणे ती माझ्याकडं.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तुझ्याशी बोलायचं होतं तिला.’

‘काय गं बोलायचं होतं?’

 आईला आम्ही त्या दिवसांत पुष्कळ विचारत होतो. पाणी हवंय? कूस बदलू? उशी उंच करू? दुखतंय? त्या दिवसानंतर ती जवळजवळ चार महिने होती. कितीतरी दुपारी मी तक्ता मांडीवर घेऊन तिच्या उशाशी बसलेली असायचे, वेळच वेळ होता. पण तिला अक्काला काय सांगायचं होतं, ते विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही. अप्पांनाही नाही.

‘माहीत नाही, मावशी,’ मी म्हटलं.

‘विचारलं नाहीस?’

‘नाही.’

मावशीने पदराची किनार बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

‘महिने महिने पडून होती ना,’ ती म्हणाली. ‘आणि अक्षरं दाखवत होती म्हणे?’

‘दाखवत होती,’ मी म्हटलं.